जीएसटीचं सोडा, आधी टेबल मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गेमिंग पीसीवर अख्खं पान आलं होतं ते वाचलं. मराठी पेपरात या विषयाला पान मिळालं याचाच आधी आनंद झाला, नाहीतर गेमिंग म्हटलं की आपल्याकडे 'मुलं बिघडली' एवढंच छापून येतं. पण त्यातला मॉनिटरचा भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखात सरळ म्हटलंय की जीएसटी कमी झाल्यामुळे मॉनिटर स्वस्त झालेत, तेव्हा आता लहान घेऊच नका, निदान ३२ इंची आणि तोही ४के (खूप जास्त ठिपक्यांचा) घ्या, म्हणजे पुढची कित्येक वर्षं बघायला नको. यातली पहिली गोष्ट अर्धवट आहे आणि दुसरी, माझ्या मते, आपल्याकडच्या बहुतेक घरांना लागूच पडत नाही.

जीएसटीचं आधी उरकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांचा १८ टक्के झाला तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटर आणि टीव्हींवर. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर तर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. म्हणजे २४ इंची, २७ इंची, ३२ इंची, गेमिंगला लोक खरंच जे घेतात त्यांच्यावर या खेपेला एक रुपयाही कर कमी झालेला नाही. फायदा झालाय तो ३४ इंची अल्ट्रावाइडवाल्यांना (नेहमीपेक्षा रुंद स्क्रीनवाल्यांना) आणि त्याच्याही वरच्यांना. दुकानात 'जीएसटी कपात' असा बोर्ड लावून २७ इंची विकत असतील तर ती सूट त्या दुकानाची आहे, सरकारची नाही, आणि असली तर चांगलंच आहे, पण सरकारचं नाव घेऊन गिऱ्हाइकाला मोठ्या स्क्रीनकडे ढकलायचं हे काही बरोबर नाही.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी करते आणि रात्री सगळं आवरल्यावर तासभर गेम खेळते. बाई असून आणि चाळिशीला टेकलेली असून खेळते म्हणून ऑफिसात आधी हसायचे, आता तेच लोक मुलाला पीसी घ्यायचाय, मॉनिटर कोणता घेऊ असं विचारायला येतात. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'किती इंची?' असाच असतो. किती इंची हा प्रश्न टीव्हीचा आहे हो, टीव्ही आपण दहा फुटांवरून बघतो. मॉनिटरसमोर आपण हातभर अंतरावर बसतो, तिथे नुसत्या इंचावर काहीच ठरत नाही. इंच आणि रिझोल्यूशन (स्क्रीनवर एकूण ठिपके, म्हणजे पिक्सेल, किती) ही जोडी आहे, आणि तिसरं म्हणजे अंतर, आणि चौथं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पीसीतला गेमचं चित्र रंगवणारा भाग. यातलं एक सुटं धरून बाकीची सोडली की पैसे गेलेच समजा.

आता ही जोडी कशी ते बघा. १०८०पी म्हणजे १९२० बाय १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. मॉनिटर २४ इंची असो नाहीतर २७ इंची, हे पिक्सेल तेवढेच. मग २७ इंचीला काय होतं, तर स्क्रीनचं क्षेत्रफळ साधारण सव्वापट वाढतं आणि तेवढेच ठिपके त्यावर पसरले जातात. २४ इंचीवर एका इंचात ९२ च्या आसपास ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२. ऐकायला दहाचाच फरक वाटतो ना, पण समोर बसलं की कळतं. आमच्या ऑफिसातल्या एकाने मुलासाठी असाच २७ इंची १०८०पी आणला, दुकानदाराने म्हणे सांगितलं की २४ आणि २७ मध्ये हजार-पंधराशेचाच फरक आहे, मोठाच न्या. गेममध्ये मुलाला फार काही जाणवलं नाही, कारण गेममध्ये सगळं हलत असतं आणि अँटी-अलायझिंग कडा गुळगुळीत करतं. तक्रार केली ती मुलाच्या आईने. तिने त्यावर मराठी बातम्या वाचायला घेतल्या आणि म्हणाली की अक्षरं विसकटल्यासारखी दिसतात. मी जाऊन बघितलं तर खरंच, इंग्रजी अक्षरं त्यातल्या त्यात बरी होती पण 'राष्ट्र' मधला ष्ट्र म्हणजे नुसता काळा गोळा, 'द्ध' आणि 'द्व' यातला फरक पुढे वाकल्याशिवाय कळेना, आणि अनुस्वार कुठे शिरोरेघेला चिकटलेला तर कुठे पुसटसा राखाडी. आपल्या लिपीत एवढ्याशा जागेत वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असं सगळं कोंबलेलं असतं, ते दाखवायला ठिपके पुरले पाहिजेत. तुम्ही तर पेपरवाले आहात, तुम्हाला हे मी काय सांगावं. पण ज्या घरात एकच पीसी आहे, मुलगा गेम खेळतो, आई ऑनलाइन पेपर वाचते आणि बाबा एक्सेल करतात, त्या घराने २७ इंची १०८०पी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी.

तोच २७ इंची १४४०पी घ्या, म्हणजे २५६० बाय १४४०, सुमारे ३६.९ लाख पिक्सेल, तर इंचाला १०९ ठिपके येतात आणि अक्षर एकदम स्वच्छ. बॉक्सवर '२के' लिहिलेलं असतं किंवा 'क्यूएचडी' लिहिलेलं असतं, त्याच्याकडे न बघता २५६० आणि १४४० हे दोन आकडे आहेत का तेवढंच बघायचं. ३२ इंचीवर १४४०पी घेतला तर परत २४ इंची १०८०पीएवढीच घनता, ९२ च्या आसपास, म्हणजे लांबून बघणार असाल तर ठीक, टेबलाला खेटून बसणार असाल तर नको.

आणि टेबल! या लेखात टेबलाचा उल्लेखच नाही म्हणून मला जास्त राग आला. आपल्याकडे पीसी कुठे ठेवतात, तर मुलांच्या स्टडी टेबलवर, नाहीतर सुताराकडून भिंतीत करून घेतलेल्या फळीवर, जिची खोली दीड फूट, फार तर दोन फूट. दोन फूट म्हणजे साधारण ६० सेंमी. त्यात मॉनिटरचा स्टँड वीस-पंचवीस सेंमी खातो, गेमिंग मॉनिटरचे ते पसरट पायाचे स्टँड तर जास्तच, पुढे कीबोर्ड, आणि कीबोर्ड मावत नाही म्हणून तो तिरका. डोळा आणि स्क्रीन यात अंतर राहतं ५०-६० सेंमी. ३२ इंची स्क्रीनची रुंदी असते ७१ सेंमी (इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके). पन्नास सेंमीवरून ७१ सेंमी रुंदीचं काहीतरी बघायचं म्हणजे एका कोपऱ्यातला मॅप बघायला मान वळवायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या गोळ्या किती उरल्या ते बघायला परत मान वळवायची. शूटिंग गेममध्ये तेवढ्यात खेळ खलास. २४ इंची ५३ सेंमी रुंद असतो, २७ इंची ६० सेंमी.

ज्यांना हे आकडे डोळ्यासमोर येत नसतील त्यांनी एक करावं, रद्दीतल्या पेपरांचे ७१ बाय ४० सेंमी, ६० बाय ३४ सेंमी आणि ५३ बाय ३० सेंमी असे तीन तुकडे कापावेत (जोडावे लागले तर जोडावेत), टेबलामागच्या भिंतीला एकेक करून सेलोटेपने चिकटवावेत आणि खुर्चीत नेहमीसारखं बसून बघावं. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुकानातल्या मोठ्या हॉलमध्ये सहा फुटांवरून लहानसा वाटणारा ३२ इंची आपल्या बेडरूममध्ये केवढा होतो ते लगेच कळतं. फक्त तुकडा चिकटवताना लक्षात ठेवा की खरा मॉनिटर भिंतीपासून स्टँडएवढा पुढे येणार आहे.

मॉनिटर आर्म (स्क्रीन धरणारा हलता हात) लावला की हा प्रश्न बराच सुटतो हे खरं. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरची चार भोकं असली की आर्म बसतो, आणि स्क्रीन भिंतीला लावता येते. पण त्यातही बघून घ्या, आर्मचा क्लॅम्प टेबलाच्या मागच्या कडेला बसतो आणि आपली अर्धी स्टडी टेबलं भिंतीला ठोकलेली असतात किंवा त्यांना मागे पाटी असते, क्लॅम्पला जागाच नसते. शिवाय पार्टिकल बोर्डाची पातळ फळी असेल तर आर्मच्या वजनाने ती दबते, मग खाली लोखंडी पट्टी द्यावी लागते. आणि आर्मचं कोपर मागे जातं ते वेगळंच, भिंत लागून असली की स्क्रीन पाहिजे तेवढी मागे जातच नाही. हे सगळं सुताराला आधी विचारा, मॉनिटर आल्यावर नाही.

डोळ्याचंही एक गणित आहे, ते फार लांबवत नाही. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढं बारीक वेगळं दिसतं. त्या हिशोबाने २७ इंची १०८०पीचे ठिपके दिसेनासे व्हायला १०७ सेंमी लांब बसावं लागेल, २४ इंची १०८०पीला ९५ सेंमी, २७ इंची १४४०पीला ८० सेंमी, आणि २७ इंची ४केला ५३ सेंमी. आता कोणी म्हणेल की मग ४केच बरोबर ना, आम्ही साठ सेंमीवरच बसतो. कागदावर बरोबर आहे. फोटो बघायला, वाचायला, डिझाइनचं काम करायला ४के सुंदरच आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त २७ इंची ४के घेतलात की विंडोजमध्ये अक्षर एवढं बारीक होतं की स्केलिंग दीडशे टक्के करावं लागतं, आणि दीडशे टक्के केलं की जागा मिळते ती १४४०पीएवढीच, फक्त अक्षर जास्त रेखीव. गेममध्ये मात्र त्या रेखीवपणाची किंमत ग्राफिक्स कार्ड मोजतं, आणि ती फार मोठी असते.

४के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. १०८०पीच्या बरोबर चौपट, १४४०पीच्या सव्वादोनपट. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये (म्हणजे एकेका चित्रात) एवढे ठिपके रंगवायचे असतात आणि असे फ्रेम सेकंदाला साठ, शंभर, दीडशे. फ्रेम अगदी चौपटीने पडत नाहीत, पण ज्या कार्डावर १०८०पीला मोठा ओपन वर्ल्ड गेम मस्त चालतो त्याच कार्डावर ४केला तो रडतखडत चालतो हे सगळ्यांनीच बघितलंय. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात जाणारी कार्डं कोणती, तर आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६०, आरटीएक्स ४०६० अशी. यातलं आरएक्स ६६०० तर २०२१ मध्ये एएमडी कंपनीने स्वतःच १०८०पीचं कार्ड म्हणून आणलं. आरटीएक्स ४०६० ला मेमरी ८ जीबी आहे, आणि ४केला टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरचे बारकावे) हाय ठेवलं की आजकालच्या गेममध्ये ८ जीबी भरून जाते आणि मग मध्येच गचका बसतो, फ्रेम मोजणाऱ्या आकड्यात सरासरी बरी दिसते पण हाताला कळतं. लेखात ३२ इंची ४के मॉनिटर सुचवलाय आणि त्याच पानावर खालच्या चौकटीत 'बजेट पीसी' म्हणून जी यादी दिलीय त्यात ८ जीबीचं कार्ड आहे! एकाच पानावरचे दोन सल्ले एकमेकांशी बोललेलेच नाहीत. मॉनिटर घेऊन झाल्यावर त्याला साजेसं कार्ड घ्यायचं म्हटलं तर मॉनिटरच्या दुप्पट-तिप्पट पैसे त्यात जातील, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बदलावा लागेल ते वेगळं. आणि वरच्या श्रेणीतलं आरटीएक्स ४०९० सारखं ४५० वॉटचं कार्ड मे महिन्यात बंद खोलीत चालवून बघा, एसी नसेल तर गेमपेक्षा घामच जास्त.

इथे डीएलएसएस, एफएसआर वाले लगेच म्हणतील की ताई, आता अपस्केलिंग (कमी ठिपक्यांत रंगवून चित्र मोठं करायचं तंत्र) आहे. आहे ना, मीही वापरते. पण ते कसं चालतं ते समजून घ्या. ४के मॉनिटरवर डीएलएसएस परफॉर्मन्सवर ठेवलं की गेम आतून १०८०पीवरच रंगवला जातो आणि मग वाढवून दाखवला जातो, क्वालिटीवर ठेवलं की आतून १४४०पी. दिसायला चांगलं दिसतं, खोटं बोलणार नाही, पण वाढवण्याचंही काम कार्डाला करावं लागतं, ते फुकट होत नाही. आणि प्रत्येक गेममध्ये हे असेलच असंही नाही. उलट १०८०पी मॉनिटरवर क्वालिटी लावलं की गेम आतून ७२०पीवर जातो आणि तिथे मात्र चित्र गढूळ होतं, लांबची झाडं, तारा, जाळ्या लुकलुकायला लागतात. १४४०पीला क्वालिटी लावलं तर आतून ९६०पी, जे बघायला अगदी सुसह्य आहे. म्हणून माझं मत असं की अपस्केलिंगमुळे कोणाचा फायदा झाला असेल तर तो १४४०पीवाल्यांचा. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांना मी डोळे मिटून १०८०पी सांगितलं असतं त्यातल्या बऱ्याच जणांना आता २७ इंची १४४०पी सांगते.

मॉनिटर मोठ्या रिझोल्यूशनचा घेऊ आणि गेम जड झाला तर रिझोल्यूशन कमी करू, असंही बरेच जण म्हणतात. १४४०पी पॅनलवर १०८०पी लावलं तर एका ठिपक्याला सव्वा-दीडच्या मधलं काहीतरी, नेमकं १.३३, असं ताणावं लागतं, ते नीट बसत नाही आणि सगळं धूसर होतं. ४के पॅनलवर १०८०पी मात्र बरोबर दोन बाय दोन बसतं, ड्रायव्हरमध्ये इंटिजर स्केलिंग (ठिपका पूर्ण पटीत वाढवणं) चालू केलं तर चक्क टोकदार दिसतं. पण मग ते २७ किंवा ३२ इंचीवरचं १०८०पीच झालं ना, ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे घातले तेच गेलं.

आता ज्यांची मुलं फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे शूटिंग गेम खेळतात त्यांचं वेगळं. त्यांना २४ इंची १०८०पीच द्या आणि उरलेले पैसे हर्ट्झमध्ये, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती चित्रं दाखवते त्यात, घाला. मोठ्या स्पर्धांत स्टेजवर जे मॉनिटर असतात ते २४-२५ इंचीच असतात, १०८०पीचे, फक्त २४० हर्ट्झ किंवा ३६० हर्ट्झ किंवा त्याच्याही वर. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी प्रो खेळाडू तर त्यावर १२८० बाय ९६० लावून चित्र आडवं ताणून खेळतात, बघणाऱ्याला भयंकर दिसतं पण त्यांना समोरचा माणूस रुंद दिसतो आणि फ्रेमही जास्त मिळतात. ६० हर्ट्झवर एक चित्र जवळजवळ १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहतं, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. साठवरून एकशे चव्वेचाळीसला गेलात की माउस नुसता हलवला तरी फरक कळतो, नवख्यालाही कळतो. १४४ वरून २४० ला तेवढा नाही कळत, आणि त्याच्या पुढचं तर मला तरी कळत नाही, माझ्या भाच्याला कळतं म्हणे. उलट गोष्टीचे गेम, एकटीने आरामात खेळायचे, त्यात ६० ते १०० फ्रेम मिळाले तरी भरून पावलं, एल्डन रिंगसारखा गेम तर पीसीवरही ६० च्या वर जातच नाही. तिथे मोठी स्क्रीन आणि चांगले रंग याला जास्त महत्त्व.

हर्ट्झचा विषय निघालाच आहे तर हे जरूर छापा, कारण मी बघितलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांत हाच घोळ होता. १६५ किंवा १८० हर्ट्झचा मॉनिटर आणून जोडला तरी विंडोज अनेकदा तो ६० वरच चालवत राहतं, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन हाताने बदलावं लागतं. मुलगा बिचारा महिनोन्‌महिने साठवरच खेळत असतो आणि आईबापांना सांगतो फार स्मूथ झालं! दुसरं म्हणजे केबल. जुन्या सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय केबल घरात पडलेली असते तीच लावतात. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, बॉक्समध्ये बहुतेक वेळा येते, कारण स्वस्तातल्या बऱ्याच १४४०पी मॉनिटरमध्ये एचडीएमआयवर १४४ हर्ट्झच मिळतात आणि पूर्ण १८० फक्त डिस्प्लेपोर्टवर. ४केला १२० हर्ट्झ एचडीएमआयवरून पाहिजे असतील तर दोन्हीकडे एचडीएमआय २.१ लागतं. आणि तिसरा घोळ, तो तर फारच कॉमन, केबल ग्राफिक्स कार्डात न लावता वर मदरबोर्डाच्या पोर्टात लावलेली असते, मग चाळीस हजारांचं कार्ड आत नुसतं पंखे फिरवत बसतं. घरात पीएस ५ (सोनीचा गेम कन्सोल) पण असेल आणि तोच मॉनिटर दोन्हीला वापरायचा असेल तर १४४०पीला घाबरू नका, सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून पीएस ५ ला १४४०पी चालतं, त्याआधी मात्र अडचण होती.

पॅनलबद्दल, म्हणजे स्क्रीनच्या आयपीएस, व्हीए, ओएलईडी या प्रकारांबद्दल, थोडक्यात. आयपीएसचे रंग बाजूने बघितले तरी टिकतात, काळा मात्र राखाडीकडे झुकतो. व्हीएला काळा गडद, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण तीन हजाराला एक आणि आयपीएसला हजाराला एक, पण स्वस्तातल्या व्हीएमध्ये अंधाऱ्या सीनमध्ये काहीतरी हललं की मागे काळी शेपटी ओढल्यासारखी दिसते. वळलेले स्वस्त मॉनिटर बहुतेक व्हीएच असतात. ओएलईडी अप्रतिम, परवडत असेल तर घ्या, पण दिवसभर त्यावरच एक्सेल उघडं राहणार असेल तर नको, एकच चित्र सतत राहिलं की त्याचा डाग पडू शकतो.

अल्ट्रावाइडचं म्हणाल तर जीएसटी त्याच्यावर खरंच कमी झालाय म्हणून त्याला अगदीच डावलत नाही. ३४ इंची, ३४४० बाय १४४०, उंची २७ इंचीएवढीच पण रुंदी ८० सेंमी, पिक्सेल सुमारे ४९.५ लाख. गाड्यांच्या गेमला, विमानांच्या गेमला त्यासारखी मजा नाही. पण व्हॅलोरंट त्यावर जास्तीचं काही दाखवत नाही, आणि ८० सेंमी रुंद वस्तू साडेतीन फुटांच्या स्टडी टेबलवर ठेवल्यावर स्पीकर, दिवा आणि दप्तर कुठे ठेवायचं ते आधी घरात विचारून घ्या.

खरेदीचं एक सांगते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावातल्या दुकानात समोरासमोर घेणार असाल तर बॉक्स तिथेच उघडायला लावा, मॉनिटर चालू करून स्क्रीन पूर्ण पांढरी, मग पूर्ण काळी, मग लाल, हिरवी, निळी करून बघा, मोबाइलवर अशी चित्रं आधीच ठेवून न्या. काळ्यावर चमकणारा किंवा पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तिथल्या तिथे बदलून मागा, कारण एकदा घरी नेलं की एक-दोन ठिपक्यांसाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत, वॉरंटीच्या कागदावर किती ठिपके चालतात ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ऑनलाइन घेतलात तर बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, सीलपासून सुरू करून न थांबवता. आणि बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, एकाच नावाचे मॉनिटर शेवटच्या दोन अक्षरांनी वेगळे असतात, एकात स्टँड वरखाली होतो आणि दुसऱ्यात नाही.

मग माझं म्हणणं काय, तर टेबल दोन फुटांच्या आतलं असेल, कार्ड ८ जीबीचं किंवा त्याहून जुनं असेल, मुलं शूटिंग खेळत असतील, तर २४ इंची १०८०पी, १४४ हर्ट्झच्या पुढचा कोणताही. दहा हजारांच्या आतबाहेर मिळतो. टेबल दोन फूट किंवा जास्त असेल आणि कार्ड १२ जीबीच्या आसपासचं असेल तर २७ इंची १४४०पी, पंधरा ते वीस हजारांत चांगले येतात. ३२ इंची ४के त्यांनी घ्यावा ज्यांचं टेबल अडीच फूट खोल आहे आणि ज्यांनी कार्डावर मॉनिटरच्या दुप्पट खर्च आधीच केलाय. असे लोक आहेत, नाही असं नाही, पण ते सल्ल्यासाठी रविवारची पुरवणी उघडत नाहीत हो.

संपादकसाहेब, एक विनंती. दिवाळीच्या, गुढीपाडव्याच्या जाहिरातींत तुमच्याच पेपरात मॉनिटरचे इंच केवढ्या मोठ्या टायपात छापलेले असतात आणि रिझोल्यूशन एकतर नसतंच किंवा तळाशी तारांकन टाकून. जाहिरातदाराला तुम्ही काही सांगू शकत नसाल हे समजू शकते. पण तुमच्या स्वतःच्या लेखात जेव्हा मॉनिटरची यादी द्याल तेव्हा प्रत्येकासमोर इंच, पिक्सेल, हर्ट्झ, कोणता पोर्ट आणि स्टँडची खोली एवढं तरी द्या, आणि जीएसटीबद्दलची दुरुस्ती जमलं तर येत्या रविवारी त्याच पानावर छापा, कारण माझ्या ऑफिसातले दोघं त्या लेखावर विसंबून या शनिवारी-रविवारी ३२ इंची आणायला निघालेत आणि माझ्यापेक्षा त्यांचा तुमच्यावर विश्वास जास्त आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)